सही केल्यावर पुढे काय?

वर्षभर आमच्या कार्यालयात सह्यांची पत्रकं येत राहिली. कुठे दलित तरुणाला मारहाण झाली, कुठे ईशान्येकडच्या मुलींना चेहरा पाहून घर नाकारलं, कुठे परदेशात आपल्या विद्यार्थ्याला रंगावरून हिणवलं, की दोन दिवसांत पत्रक तयार. खाली ओळखीची नावं आणि पाठोपाठ फोन : ‘तुमचं मासिक भूमिका घेणार की नाही?’ या माणसांचा संताप खरा आहे, त्याबद्दल मला शंका नाही. पण त्या तरुणाच्या घरी पुन्हा कोण गेलं, कोर्टाच्या तारखेला त्याच्यासोबत कोण होतं, असं विचारलं की फोनवर कुणी बोलत नाही. ते गप्प होणं मला वर्षभर छळतं आहे.

सहीच्या पुढे काय करायचं, हे ज्यांनी करून दाखवलं त्या जेम्स लॉसन यांचं नाव आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नाही. निदान नागपूरकरांना तरी ते ठाऊक असायला हवं होतं. कोरियन युद्धासाठी सैन्यात जायला नकार दिला म्हणून तेरा महिने तुरुंगात राहिलेला हा कृष्णवर्णीय अमेरिकन तरुण १९५३ मध्ये मेथडिस्ट मिशनतर्फे नागपुरात आला आणि हिस्लॉप कॉलेजात खेळाचा शिक्षक झाला. गांधीजींचा सत्याग्रह त्याला समजून घ्यायचा होता. डिसेंबर १९५५ मध्ये ‘नागपूर टाइम्स’मध्ये त्याने माँटगोमेरीतल्या कृष्णवर्णीयांच्या बस-बहिष्काराची बातमी वाचली. ज्याची वाट पाहत होतो ते आपल्याच देशात सुरू झालं, या आनंदाने तो ओरडला होता. १९५६ मध्ये तो परत गेला.

पुढे नॅशव्हिलमध्ये लॉसन यांनी जे केलं, ते आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याने अभ्यासावं. एका चर्चमध्ये दर आठवड्याला ते विद्यार्थ्यांना बसवत. काही जणांनी गोऱ्या गुंडांचं सोंग घ्यायचं, शिव्या द्यायच्या, तोंडावर सिगारेटचा धूर सोडायचा, खुर्चीवरून खाली खेचायचं. बाकीच्यांनी डोकं कसं वाचवायचं, हात कसा उचलायचा नाही, शेजारच्याला कसं झाकायचं, हे शिकायचं. नाटकाच्या तालमीसारखं हे महिनोन्‌महिने चाललं. डायान नॅश, जॉन लुईस, बर्नार्ड लाफायेट ही त्या वर्गातली मुलं. फेब्रुवारी १९६० मध्ये ती फक्त गोऱ्यांसाठी राखलेल्या लंच काउंटरवर जाऊन बसली. २७ फेब्रुवारीला त्यांना मारहाण झाली आणि अटकही त्यांनाच झाली. लॉसन यांना व्हँडरबिल्ट विद्यापीठाने काढून टाकलं. एप्रिलमध्ये या मुलांचा खटला लढवणारे वकील अलेक्झांडर लूबी यांच्या घरावर बॉम्ब टाकला गेला, त्याच दिवशी हजारो लोक एक शब्दही न बोलता नगरपालिकेवर चालत गेले. १० मे रोजी शहरातल्या सहा दुकानांचे काउंटर कृष्णवर्णीयांना खुले झाले.

माँटगोमेरीचा बहिष्कार ३८१ दिवस चालला. तेवढे दिवस माणसं पायी चालली, मोटारी वाटून घेतल्या, चर्चच्या नावावर गाड्या घेतल्या. पेट्रोलचा पैसा कुठून आला? जॉर्जिया गिलमोर नावाची एक स्वयंपाकीण होती. तिने बायका जमवल्या, घरोघरी केक आणि तळलेल्या चिकनचे सँडविच करून विकले आणि जमलेली रक्कम चर्चमधल्या सभेत नेऊन दिली. गोऱ्यांकडे कामाला असलेल्या या बायकांची नावं बाहेर येऊ नयेत म्हणून गटाचं नावच ‘क्लब फ्रॉम नोव्हेअर’ ठेवलं होतं. गिलमोरबाईंची स्वतःची नोकरी मात्र कोर्टात साक्ष दिल्यावर गेली. मग त्यांनी घरातच खाणावळ चालवली.

हे सगळं चर्चमध्ये घडलं, हे सांगताना आपली पुरोगामी मंडळी अवघडतात. मार्टिन ल्यूथर किंग यांचं भाषण सर्वांना माहीत असतं. ते बाप्टिस्ट धर्मगुरू होते, हे तळटिपेत जातं. मी स्वतः श्रद्धेने कुठल्या देवळाची पायरी चढत नाही. श्रद्धा म्हटली की न्याय आलाच, असंही नाही : एप्रिल १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून किंग यांनी लिहिलेलं पत्र ‘ही वेळ नव्हे’ असं सुनावणाऱ्या आठ गोऱ्या धर्मगुरूंनाच उद्देशून होतं. तरीही मला दिसतं ते असं, की जिथे माणसं दर आठवड्याला एकमेकांचं तोंड पाहतात, आजाऱ्याची चौकशी करतात, डबा पोचवतात, तिथेच ३८१ दिवस टिकण्याची ताकद तयार होते.

आपल्याकडे हे कुणी ओळखलं होतं, ते वेगळं सांगायला नको. लॉसन नागपूर सोडून गेले त्याच वर्षी, १४ ऑक्टोबरला, त्याच शहरात बाबासाहेबांनी लाखोंच्या समुदायासह बुद्धधम्म स्वीकारला. समुदाय लाखोंचा, पण बावीस प्रतिज्ञांमध्ये बोलायचं ते प्रत्येकाने ‘मी’ म्हणून. आज वस्त्यावस्त्यांतल्या विहारांत वंदनेला जमणारी माणसं त्या दिवसाची खरी वारस आहेत आणि आमची पत्रकं त्यांच्यापर्यंत पोचतसुद्धा नाहीत.

लॉसन यांच्या अहिंसेवरच्या निष्ठेचं एक टोक मला अजून पेलत नाही. १९६८ मध्ये मेम्फिसच्या सफाई कामगारांच्या संपासाठी त्यांनीच किंग यांना बोलावलं आणि ४ एप्रिलला तिथे किंग यांची हत्या झाली. त्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्या जेम्स अर्ल रे याला लॉसन नंतर तुरुंगात जाऊन भेटत राहिले. १९७८ मध्ये त्याचं लग्नही त्यांनीच लावलं. हे मला जमलं नसतं. जून २०२४ मध्ये, ९५व्या वर्षी, ते गेले.

    

म्हणून नुसत्या सह्यांची पत्रकं या मासिकात यापुढे छापली जाणार नाहीत. आपल्या गावात, वस्तीत, विहारात, मशिदीत, चर्चमध्ये किंवा वाचनालयात अन्याय झालेल्या माणसासाठी कुणी नियमित जमत असेल, तर त्यांचा वार, वेळ आणि पत्ता कळवा. आमच्यातलं कुणीतरी तिथे येईल.