नाशिककरांनो, घरच्या कार्बनचा हिशेब आजच मांडा

२०२५ साली नाशिक जिल्ह्यात मे महिन्यातच पाऊस लागला आणि दिवाळी उलटली तरी त्याने पाठ सोडली नाही. त्या पावसाने काय केले ते द्राक्षबागायतदाराला विचारा. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर वेलीला स्वच्छ, कडक ऊन लागते; त्या उन्हातच काडीच्या डोळ्यात पुढच्या हंगामाचा घड धरतो. त्या वर्षी ऊनच मिळाले नाही. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर निफाड-दिंडोरीकडच्या कितीतरी बागा फुटल्या, पण वेलीवर घड दिसेनात. मे महिन्यात काढून शेतात पडलेला उन्हाळ कांदा भिजला, तो वेगळाच.

एका वर्षाच्या पावसाचे सगळे खापर हवामान बदलावर फोडता येत नाही. पण हवा एका अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते, हे भौतिकशास्त्र आहे. पडला की धो धो आणि दडला की टिपूस नाही, ही पावसाची चाल त्यातून आली आहे आणि ती वाढत जाणार आहे. हवा तापवणारा वायू कारखान्यांतून निघतो, तसा आपल्या घरांतूनही निघतो. म्हणून हे आवाहन गंगापूर रोडच्या, इंदिरानगरच्या, सिडको-सातपूरच्या, पंचवटीच्या आणि नाशिकरोडच्या घरांना आहे. बागायतदाराने आपले भोगले. आता आपण काय करणार ते बोलू या.

आधी हिशेब. चौघांचे एक मध्यमवर्गीय घर धरा. महिन्याला २०० युनिट वीज, एक गॅस सिलिंडर, गाड्यांना मिळून २५ लिटर पेट्रोल. देशाच्या ग्रिडमधून येणाऱ्या एका युनिटमागे सुमारे ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, म्हणजे विजेचे १४० किलो. १४.२ किलोचा सिलिंडर जळून संपला की सुमारे ४२ किलो. पेट्रोलच्या एका लिटरमागे २.३ किलो, म्हणजे जवळपास ५८ किलो. बेरीज २४० किलो, दर महिन्याला. वर्षाला पावणेतीन टनांच्या वर. यात अन्न, कपडे, मोबाइल, विमानप्रवास काहीच धरलेले नाही.

या बेरजेत विजेचा आकडा सर्वांत मोठा आहे, आणि नेमकी वीजच आपल्याला स्वच्छ वाटते, कारण घरात तिचा धूर होत नाही. तो एकलहऱ्याला होतो. तिथले २१० मेगावॅटचे तीन संच कोळशावर चालतात. नाशिकरोडकरांना त्या चिमण्या लांबूनही ओळखता येतात. आपल्या बटणाला आलेली वीज एकलहऱ्याची, कोराडीची की चंद्रपूरची, हे ग्रिडमध्ये सांगता येत नाही. पण देशात तयार होणाऱ्या विजेतला ७० टक्क्यांच्या आसपासचा वाटा आजही कोळशाचाच आहे. बटण दाबले की कुठेतरी कोळसा जळतो.

'आम्ही झाडे लावतो' हे उत्तर लगेच येईल. नाशिकचे झाडांवरचे प्रेम खोटे नाही. २०२५ च्या अखेरीस तपोवनातली झाडे वाचवण्यासाठी हे शहर ज्या तळमळीने उभे राहिले ते सगळ्या महाराष्ट्राने पाहिले. झाडे लावा, लावलेली जगवा आणि असलेली तोडू देऊ नका. पण एक वाढलेले झाड वर्षाला साधारण २० ते २५ किलो कार्बन डायऑक्साइड शोषते असा अंदाज केला जातो. म्हणजे वरच्या एका घराचा वर्षाचा धूर फेडायला सव्वाशे मोठी झाडे लागतील. ती कुठे लावणार? धूरच कमी करावा लागेल.

तो कमी करताना मोठ्या गोष्टींपासून सुरुवात करा, ही माझी विनंती. कापडी पिशवी घेऊन भाजीला जाणे चांगलेच. त्याने प्लास्टिक कमी होते. पण पिशवी कापडी घेतली आणि भाजी आणायला चारचाकी काढली, तर हिशेबात काहीच उरत नाही.

आज रात्री झोपण्यापूर्वी एक काम करा. विजेच्या मीटरवरचा आकडा कागदावर टिपा आणि सकाळी उठल्या उठल्या, गिझर लावण्यापूर्वी, पुन्हा टिपा. सगळे झोपलेले असताना घराने किती वीज खाल्ली ते कळेल. पंखे, फ्रिज, राउटर, सेट टॉप बॉक्स, भिंतीत तसेच राहिलेले चार्जर. मग फ्रिजच्या दारात एक कागद धरून दार लावा. कागद सहज ओढून निघाला तर दाराचे रबर गेले आहे. आतला गारवा रात्रंदिवस बाहेर जातो आहे आणि कॉम्प्रेसर थांबत नाही. रबर बदलायला फार पैसे पडत नाहीत.

पंख्यांकडे तर आपले लक्षच नसते. जुना पंखा ७५ वॉट घेतो, नवा बीएलडीसी पंखा तेवढाच वारा ३० वॉटमध्ये देतो. रोज १२ तास चालणारे चार पंखे बदलले तर महिन्याला ६५ युनिट वाचतात, म्हणजे ४५ किलो. एक पंखा अडीच-तीन हजारांना मिळतो आणि दोन-तीन वर्षांत बिलातून आपली किंमत फेडतो. सगळे एकदम बदलणे जमत नसेल तर ज्या खोलीतला पंखा सर्वांत जास्त चालतो, तो आधी बदला.

एसीबद्दल बोलायला हवे. ज्या नाशिकजवळच्या देवळालीला लोक हवापालटासाठी येत, तिथली आरोग्यधामे ज्या हवेवर उभी राहिली, त्याच परिसरात आज नव्या इमारतीचा प्रत्येक फ्लॅट एसीची जागा ठेवूनच बांधला जातो. उन्हाळे कडक झाले आहेत, घरात म्हातारी माणसे, लहान मुले असतात. एसी लावू नका असे मी म्हणणार नाही. पण तो १८ वर लावून वर पांघरूण घेणे थांबवा. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या हिशेबाने एक अंश वर नेला की सुमारे ६ टक्के वीज वाचते. २६ वर ठेवा आणि सोबत पंखा हळू फिरू द्या. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून वाळ्याचा पडदा किंवा जाड चिक लावा. ऊन काचेतून आत आल्यावर त्याच्याशी झुंजण्यापेक्षा ते बाहेरच अडवलेले बरे.

आता छत. १ किलोवॅटचे सौर पॅनेल आपल्या भागात दिवसाला सरासरी ४ युनिट देते, महिन्याला सुमारे १२०. त्याला साधारण १०० चौरस फूट मोकळे, सावली नसलेले छत लागते. २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत २ किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३० हजार रुपये आणि ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या संचाला जास्तीत जास्त ७८ हजार रुपये अनुदान आहे. सोसायटीची लिफ्ट, पाण्याची मोटर आणि जिन्यातले दिवे यांच्यासाठी किलोवॅटमागे १८ हजारांचे अनुदान वेगळे. बंगलेवाल्यांना छत स्वतःचे असते, प्रश्न फक्त मनाचा. अडते ते सोसायट्यांमध्ये. छत कोणाचे, पैसे किती जणांनी भरायचे, वरच्या मजल्याला गळती लागली तर काय, अशा तीन-चार प्रश्नांवर वर्षानुवर्षे सभा होतात आणि छत तापत राहते. हे प्रश्न खरे आहेत, पण सुटणारे आहेत. ज्या सोसायटीत निदान सामाईक वापराच्या विजेसाठी पॅनेल बसले, तिथे दरमहा देखभाल खर्च कमी होताना दिसतो; मग बाकीच्यांचे मन वळवावे लागत नाही.

गिझरची जागा सोलर बंबाने घेतली तर चौघांच्या घरात महिन्याला ५० युनिटच्या आसपास वाचू शकतात. सोलर शक्य नसेल तर शॉवरऐवजी बादली घ्या. शिवाय प्रत्येक बादलीमागे पाण्याचीही वीज असते. गंगापूर आणि मुकणे धरणांतले पाणी पंपाने उचलून जलशुद्धीकरण केंद्रात येते, तिथून जलकुंभात चढते आणि सोसायटीच्या मोटरने पुन्हा गच्चीवरच्या टाकीत जाते. टाकी भरून गच्चीवरून पाणी वाहत असेल तर ते दोन-तीनदा उचललेले पाणी आपण गटारात सोडतो आहोत. टाकीत फ्लोट बसवा, निदान मोटरची वेळ तरी ठरवा.

पेट्रोलकडे येऊ. जी गाडी आपण लांबच्या प्रवासासाठी घेतली, ती रोज दोन-तीन किलोमीटरच्या चकरा मारते: मुलाला शाळेत सोडणे, क्लासला नेणे, दूध, पिठाची गिरणी. थंड इंजिनाच्या या छोट्या फेऱ्यांत गाडी लिटरमागे सर्वांत कमी चालते. दुपारी शाळा सुटताना कॉलेज रोडला उभे राहून पाहा. एकेका मुलामागे एकेक गाडी, इंजिन चालू ठेवून थांबलेली. चार पालकांनी मिळून पाळी लावली तर तीन गाड्या घरी राहतात. हे आजपासून होण्याजोगे आहे, त्याला ना अनुदान लागते ना परवानगी.

८ जुलै २०२१ पासून शहरात सिटीलिंकच्या बसेस धावतात. २५० बसच्या त्या योजनेत २०० बस सीएनजीच्या ठरल्या होत्या. भरलेल्या बसमधल्या एका प्रवाशाचा धूर एकट्याने चालवलेल्या गाडीच्या मानाने फारच थोडा. फेऱ्या कमी आहेत, थांब्यावर सावली नाही, ही तक्रार रास्त आहे आणि ती महापालिकेकडे लेखी गेली पाहिजे. पण जिथे बस वेळेवर आहे, तिथे आठवड्यातून दोन दिवस तिने जा. प्रवासी दिसले तरच फेरी वाढते.

आणि सायकल! २०१५ साली डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या नाशिकच्या भावांनी अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची रेस अॅक्रॉस अमेरिका पूर्ण केली. नाशिकहून सायकलवर पंढरपूरची वारी निघते. सायकलीचा एवढा अभिमान असलेल्या शहरात कोपऱ्यावरच्या दुकानात जायला स्कूटर लागू नये. मुलांना रस्त्यावर सायकल सुरक्षित नाही, हे आईवडिलांचे म्हणणे मला पटते. म्हणूनच सुरक्षित मार्गाची मागणी आपल्या नगरसेवकाकडे लावून धरा, आणि मोठ्यांनी वसाहतीच्या आतल्या रस्त्यांवर तरी सायकल बाहेर काढा.

स्वयंपाकघरात गॅस वाचवणाऱ्या गोष्टी घरातल्या बाईला कोणी शिकवायला नको. डाळ भिजत घालणे, कुकरला पहिली शिट्टी आली की आच बारीक करणे, पातेल्यावर झाकण ठेवणे, हे घरातल्या पुरुषांनी आणि मुलांनी शिकावे. मोठा प्रश्न उरलेल्या अन्नाचा आहे. ओला कचरा ढिगाऱ्यात दबून हवेवाचून कुजला की मिथेन सुटतो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २८ पट तापवतो. विल्होळीला महापालिकेने जर्मन सहकार्याने उभारलेल्या प्रकल्पात हॉटेलांचा ओला कचरा आणि शौचालयांचा मैला एकत्र कुजवून गॅस आणि त्यातून वीज काढण्याची सोय झाली. पण असा कोणताही प्रकल्प वेगळ्या केलेल्या कचऱ्यावरच चालतो. दुधाची पिशवी आणि भाजीची देठे एकाच डब्यातून घंटागाडीत गेली की पुढे कोणाच्याच हातात काही राहत नाही.

गॅलरीत जागा असेल तर रंगाची रिकामी बादली घ्या. तळाला आणि बाजूंना भोके पाडा, खाली वाळक्या पाल्याचा जाड थर द्या, त्यावर रोजचा बारीक केलेला भाजीपाला, वर पुन्हा पाला आणि मूठभर जुने खत किंवा आंबट ताकाचा शिडकावा. वास आला तर ओल जास्त झाली आहे. सुका पाला वाढवा आणि काठीने हलवा. दोन-अडीच महिन्यांत काळेभोर, मातीचा वास असलेले खत हाताला लागते. पाला मिळत नाही असे म्हणू नका. तो आपल्याच इमारतीखाली झाडून जाळला जातो. तो जाळणे आधी बंद करा.

काही जण म्हणतील, सरासरी भारतीय वर्षाला दोनच टन कार्बन डायऑक्साइड सोडतो, अमेरिकेतला माणूस त्याच्या सात पट. मग आम्हीच का? श्रीमंत देशांनी आधी आणि जास्त करावे, ही मागणी न्याय्यच आहे. पण भारतीयाची ही सरासरी खाली कोणामुळे राहते ते पाहा. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर तालुक्यांतल्या पाड्यांवर ना एसी, ना चारचाकी. पावसाळ्यात तिथे मुसळधार कोसळतो आणि एप्रिल-मेमध्ये त्याच पाड्यांवरच्या बाया हंडे घेऊन कोरड्या विहिरीच्या तळाशी उतरतात. त्यांच्या कमी धुराच्या आडोशाने दोन गाड्या आणि तीन एसी असलेल्या घराने आपला धूर लपवू नये.

तेव्हा एवढे करा. या रविवारी गेल्या बारा महिन्यांची वीजबिले, सिलिंडरच्या तारखा आणि पेट्रोलचा अंदाज घेऊन घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसा आणि आपली बेरीज मांडा. मुलांनाच ती करू द्या. सर्वांत मोठ्या आकड्यापासून एक बदल निवडा आणि या महिन्यातच तो करा. सोसायटीत राहत असाल तर सामाईक विजेसाठी सौर पॅनेलचा ठराव पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर घ्या, असे पत्र सचिवांना आजच द्या. सिंहस्थासाठी लाखो लोक या शहरात येणार आहेत. त्याआधी आपल्या इमारतीच्या छतावर पॅनेल लागलेले असू द्या.