करवंदीचें कुंपण

दसरा उलटला कीं आमच्या भागांत दरवर्षीं कोयत्यांचा आवाज सुरू होतो. रानांतील करवंदीच्या जाळ्या तोडून त्यांच्या कांटेरी फांद्या बांधावर रचावयाच्या व त्यास वई म्हणावयाचें, अशी ही जुनी वहिवाट आहे. पुढील पावसाळ्यांत ती वई कुजते, वाळवी तिचा फडशा पाडते, आणि तेंच काम पुन्हां आरंभावें लागतें. जिवंत झुडूप मारून मेलेलें कुंपण उभें करण्याचा हा व्यवहार तोट्याचा आहे, इकडे वाचकांचें लक्ष वेधावें म्हणून हा लेखप्रपंच.

आमचें आयुष्य महसूल खात्याच्या कारकुनींत गेलें. बांधाच्या तंट्यांचे अनेक कागद हाताखालून गेले. जेथें हद्द ठळक राहत नाहीं, तेथेंच भांडण उगवतें. मेलेली वई दरसाल घालतांना हातभर इकडे, हातभर तिकडे सरकते. मूळ धरलेली करवंद सरकत नाहीं. हें ठाऊक असूनही वडिलांच्या वेळची करवंदीची जाळी आम्हींच तारेच्या मोहानें खणून काढली. खाऱ्या वाऱ्यानें तार गंजली, आणि बांध उघडा पडला. ही चूक इतरांनीं करूं नये.

करवंद ही बारमाही हिरवी. जांभ्या दगडाच्या सड्यावर, जेथें वीतभरही माती नसते, तेथें ती तग धरते. पाणी सांचणारी जागा मात्र तिला मानवत नाहीं. लागवड बियांपासून करावी. वैशाख-ज्येष्ठांत पूर्ण पिकलेल्या काळ्या फळांचें बी धुवून, सावलींत सुकवून लागलीच पेरावें. ठेवून दिल्यास उगवणशक्ति झपाट्यानें घटते. रोपें वर्षभर सांभाळून पुढील मृगाच्या पावसाबरोबर २-२ फुटांवर लावावीं. पहिले २ उन्हाळे थोडें पाणी, बुंध्याशीं पाल्याचें आच्छादन व शेळ्यांपासून राखण एवढें अवश्य करावें. मोठीं फळें हवीं असल्यास, १९७२ सालीं स्थापन झालेल्या दापोलीच्या कोंकण कृषि विद्यापीठाची ‘कोंकण बोल्ड’ ही जात लावावी.

रोप गुडघाभर झालें कीं शेंडा खुडावा, म्हणजे तळापासून फांद्या फुटतात. हें न केल्यास कुंपण वर दाट व खालीं उघडें राहतें, आणि त्या भोंकांतून आज कोंबडी, उद्यां शेळी आंत येते. छाटणी फळें उतरल्यावर, पावसाच्या तोंडावर करावी. फुलोऱ्यावर कात्री चालवूं नये.

कोणी म्हणेल, इतकीं वर्षें कोण थांबणार? आक्षेप रास्त आहे. म्हणून तोंवर जुनी वई असूं द्यावी व तिच्या आंतल्या बाजूस रोपें लावावीं. माकडांस हें कुंपण अडविणार नाहीं, हेंही प्रांजळपणें सांगितलें पाहिजे. रोपें आपल्याच हद्दींत घ्यावीं व मोजणीचे दगड मोकळे ठेवावे. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाप्रमाणें हद्दीच्या खुणांस इजा करणें दंडास पात्र आहे.

अलीकडे कलमांच्या बागांसाठीं यंत्रें लावून सडेच्या सडे उघडे केले जातात. सातबाऱ्यावर अशा जमिनीस पोटखराबा म्हणतात, परंतु ती निरुपयोगी खचित नव्हे. उन्हाळ्यांत पानांच्या द्रोणांतून करवंदें विकणाऱ्या बायांच्या हातांत चार पैसे येतात, ते याच खराब्यांतून. जाळ्या गेल्या कीं त्यांची ती मिळकतही गेली.

संस्थेच्या सभासदांनीं निदान बांधाची एक बाजू तरी करवंदीस द्यावी, आणि रानांतील जाळी मुळासकट तोडूं नये. आम्हीं यंदा आमच्या बांधावर पुन्हां रोपें लावलीं आहेत. वडिलांनीं जें राखलें तें आम्हीं मोडलें. मुलांच्या हातीं तें परत देणें आमच्याकडे लागू आहे.