खेळ हाही उपचारच

रुग्णालयात बरेच दिवस राहणाऱ्या मुलाला औषधाइतकीच खेळाची गरज असते. गडचिरोली आणि चंद्रपूरच्या जंगलपट्ट्यात असा मुक्काम अनेकदा तीव्र कुपोषणामुळे किंवा सिकलसेल या रक्ताच्या आजारातील वेदनांमुळे घडतो. तीव्र कुपोषित मूल पोषण पुनर्वसन केंद्रात साधारण १४ दिवस राहते. उपाशी शरीर शक्ती राखण्यासाठी हालचाल कमी करते. मूल खेळेनासे होते, मग त्याच्याशी बोलणेही कमी होते आणि मेंदूच्या वाढीला खीळ बसते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या उपचारपद्धतीत दहापैकी नववा टप्पा माया आणि खेळाचा आहे. त्यात रोज १५ ते ३० मिनिटे ठरवून खेळ घ्यायला सांगितले आहे. जमैकात अशा मुलांना रुग्णालयात आणि पुढे तीन वर्षे घरी जाऊन खेळवले गेले, तेव्हा त्यांची बौद्धिक वाढ इतर कुपोषित मुलांपेक्षा स्पष्टपणे चांगली झाली.

मूल वॉर्डात आनंदाने खेळावे, याची पहिली अट म्हणजे आपल्या माणसांची सोबत. ब्रिटनमध्ये आईला मुलाजवळ राहू द्यावे, अशी शिफारस प्लॅट समितीने १९५९ मध्ये केली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने रुग्णालय कसे असावे हे आदिवासींनाच विचारले. त्यातून संस्थेच्या शोधग्राम या वसाहतीत माँ दंतेश्वरी रुग्णालय गावातल्या झोपड्यांसारखे उभे राहिले. तिथे नातेवाईकांना रुग्णासोबत राहता येते.

दुसरी अट भाषेची. गडचिरोलीतल्याच हेमलकशात १९७३ मध्ये काम सुरू केल्यावर डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे तिथल्या आदिवासींची माडिया भाषा शिकले. वॉर्डातही आईने माडियात किंवा गोंडीत गाणे म्हटले, आजीने वाघाची गोष्ट सांगितली, तर परकी जागा मुलाला आपली वाटू लागते.

खेळणी महाग लागत नाहीत. बांबूचा खुळखुळा, चिंध्यांची बाहुली, तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल, पळसाच्या पानांचे द्रोण, एकात एक बसणारे डबे पुरतात. खेळणी धुण्याजोगी हवीत. चिंचोके, बिया लहानग्यांच्या हाती देऊ नयेत, त्या घशात अडकतात. गुंजा तर विषारीच असतात. सिकलसेलचे दुखणे उठले असेल, तर धावपळ टाळून गोष्ट, कोडी, चित्रे यांत मन रमवावे. त्याने वेदना सोसणे सोपे जाते. वेदनाशामक औषध मात्र लागतेच.

आईचा जीव घरच्या चुलीत आणि बुडालेल्या मजुरीत अडकला असेल, तर ती मुलाशी खेळू शकत नाही. म्हणून बुडीत मजुरीची भरपाई वेळेवर मिळणे हाही या उपचाराचाच भाग आहे. प्रत्येक बालवॉर्डात एक चटई, खेळण्यांची एक टोपली आणि खेळासाठी रोजचा राखीव अर्धा तास असायलाच हवा. आरोग्य विभागाने औषधांच्या साठ्याबरोबर याचीही तपासणी करावी.