मरकज रोवावा लागतो

मी उर्दू आणि मराठी शिकवतो. विज्ञान माझा विषय नाही. तरी या पावसाळ्यात पाचगणीच्या धुक्यात एक अख्खी संध्याकाळ मी संगणकावर रेणू फिरवत बसलो. कारण होती वसतिगृहातली अकरावीची एक मुलगी. ती नंदुरबारकडची. तिच्या धाकट्या भावाला सिकलसेल आहे. "सर, आजार नेमका कुठे आहे, ते मला बघायचंय," ती म्हणाली.

तिने पायमॉल उघडलं होतं. रेणूची त्रिमितीय रचना दाखवणारं हे सॉफ्टवेअर. हिमोग्लोबिनची रचना प्रोटीन डेटा बँकेतून कुणालाही फुकट मिळते, '४एचएचबी' हा संकेतांक दिला की झालं. चार साखळ्या, ५७४ अमिनो आम्लं. सिकलसेलमध्ये बीटा साखळीच्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. एवढ्या एका बदलाने माणूस आयुष्यभर वेदना सोसतो.

ती सहावी जागा तिने शोधली, माउसने सरकवून मोठी केली आणि जरा वळवून पाहायला गेली, तर सगळं पडद्याबाहेर गेलं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. "माझं इंग्रजी कच्चं आहे ना सर, मला नाही जमणार."

दोष इंग्रजीचा नव्हता, केंद्राचा होता. फुगडी आठवा. दोघी ज्या बिंदूभोवती फिरतात तिथे कुणीच उभं नसतं. हिमोग्लोबिनचंही तसंच. रेणू उघडल्यावर सॉफ्टवेअर सगळ्या अणूंच्या मधोमध फिरण्याचं केंद्र धरतं, आणि हिमोग्लोबिनच्या मधोमध पोकळी आहे! सहावी जागा मात्र बाहेरच्या पृष्ठभागावर, कडेला. माउसने चित्र सरकवलं तरी केंद्र जागचं हलत नाही. म्हणून जवळ जाऊन फिरवलं की कडेचा भाग मोठा वळसा घेऊन नजरेआड होतो.

उपाय दोन शब्दांचा. 'ओरिजिन' म्हटलं की दृश्य तसंच राहतं, फक्त फिरण्याचं केंद्र आपण सांगू त्या जागी जातं. 'सेंटर' म्हटलं की ती जागा पडद्याच्या मधोमध येते आणि केंद्रही तिथेच बसतं. आज्ञेपुढे बी साखळीतला सहावा घटक एवढंच लिहायचं. तिने लिहिलं. आता रेणू कसाही वळवला तरी सहावी जागा समोरच. मग तिने '२एचबीएस' ही सिकल हिमोग्लोबिनची रचना उघडली आणि तिथेही केंद्र व्हॅलिनवर ठेवलं. एका रेणूचं व्हॅलिन शेजारच्या रेणूच्या खोबणीत रुतलेलं दिसलं. असेच रेणूला रेणू चिकटून लांब तंतू होतात आणि रक्तपेशी विळ्यासारखी वाकते. ती बराच वेळ काही बोलली नाही.

'केंद्र' हा शब्द मुळात ग्रीक, अर्थ टोकदार अणी. उर्दूतला 'मरकज' अरबीतून आला, त्याच्या धातूचा अर्थ जमिनीत रोवणं. दोन्ही भाषा एकच सांगतात: केंद्र आयतं मिळत नाही, कुणीतरी ते रोवतं. आपण रोवलं नाही तर सॉफ्टवेअर रोवतं, आणि ते सरासरी काढून.

काही सहकारी म्हणतात, "एवढा खटाटोप कशाला? फिरणाऱ्या रेणूचा व्हिडिओ दाखवा." त्यात वेळ वाचतो, हे खरं. पण व्हिडिओत केंद्र दुसऱ्याने ठरवलेलं असतं. नंदुरबारच्या मुलीचा प्रश्न रेणूच्या कडेला आहे, हे त्याला कसं ठाऊक असणार? १ जुलै २०२३ ला केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाचं अभियान सुरू केलं. तपासण्या होतील, कार्डं मिळतील. ज्या घरांत हा आजार आहे, तिथल्या मुलांना तो स्वतःच्या हाताने वळवून पाहता यावा, ही माझी मागणी आहे. त्यासाठी अस्खलित इंग्रजी लागत नाही. आठ-दहा आज्ञा आणि त्या मराठीत किंवा उर्दूत समजावणारा माणूस पुरे. प्रयोगशाळेत रंग आणि आकार शिकवण्याआधी केंद्र बदलायला शिकवा.

एक सावधगिरीही मी तिला सांगितली. केंद्र बदललं म्हणून एकही अणू जागचा हलत नाही, फक्त आपली नजर बदलते. आणि एकाच जागी खिळून राहिलं तर बाकीचा रेणू विसरायला होतो. म्हणून शेवटी 'रीसेट' करून सगळा रेणू पुन्हा पाहायचा.

तिने तसं केलं. मग परत सहाव्या जागेवर गेली आणि त्या चित्राची एक प्रत काढून ठेवली. दिवाळीच्या सुट्टीत भावाला दाखवणार आहे.