कोयत्याबरोबर जाणारे मूल आणि गोवराची नोंद

गोवराच्या सर्वेक्षणात ताप आणि अंगावर पुरळ असलेले प्रत्येक मूल प्रथम 'संशयित' म्हणून नोंदवले जाते, पुरळ उठल्यापासून २८ दिवसांच्या आत त्याच्या रक्ताचा नमुना घेतला जातो आणि ताज्या संसर्गाची खूण असलेली आयजीएम प्रतिपिंडे त्यात आहेत का, हे प्रयोगशाळा पाहते. तपासणीअंती गोवर आणि रुबेला हे दोन्ही नसल्याचे ठरलेले रुग्णही मोलाचे असतात, कारण असे वगळलेले रुग्ण वर्षाला दर लाख लोकसंख्येमागे किमान दोन तरी आढळले, तरच त्या भागातील शोध पुरेसा जागरूक आहे असे मानले जाते. ज्या तालुक्यातून वर्षभर एकही संशयित कळवला जात नाही, तेथे गोवर नसेलही. परंतु तेथे कोणी शोधत नाही, हीच शक्यता अधिक असते.

बीड तालुक्यातील लिंबागणेशसारख्या बालाघाटावरील गावांत या मोजणीला एक वेगळीच अडचण आहे. दिवाळीच्या आगेमागे मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. (टोळीत नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात, बरोबर जाणारे तान्हे मूल मुकादमाच्या हिशेबात नसते, आणि पुष्कळदा आरोग्य खात्याच्याही नसते.) राष्ट्रीय वेळापत्रकानुसार गोवर-रुबेला लसीची पहिली मात्रा ९ महिने पूर्ण झाल्यावर १२ महिन्यांच्या आत आणि दुसरी १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान द्यायची असते. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात जन्मलेल्या मुलाची पहिल्या मात्रेची तीन महिन्यांची संपूर्ण मुदत हंगामातच उलटून जाते. दुसऱ्या मात्रेची मुदत मात्र आठ महिन्यांची असल्याने ती हंगामात कधीच पूर्णपणे बुडत नाही. म्हणजे या मुलांपुरता खरा प्रश्न पहिल्या मात्रेचा आहे, आणि तो जन्मनोंदीवरून आधीच ओळखता येण्याजोगा आहे.

आईकडून गर्भावस्थेत मिळालेली प्रतिपिंडे याच वयात ओसरत असतात, आणि याच वयात मूल उसाच्या फडाजवळच्या, एकमेकींना खेटून उभ्या असलेल्या कोप्यांमध्ये, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांमध्ये, राहते. सर्वच जण असंरक्षित असलेल्या समूहात गोवराचा एक रुग्ण १२ ते १८ जणांना बाधित करू शकतो, शिवाय पुरळ दिसण्याच्या चार दिवस आधीपासूनच तो संसर्ग पसरवू लागतो. त्यामुळे पुरळ पाहून मुलाला वेगळे ठेवण्याने फारसे साधत नाही. संसर्ग ऊसतोड मजुरांच्या अड्ड्यावर, पुरळ प्रवासात आणि नोंद गावी, असे झाले तर साथीचा उगम कोणत्याच नकाशावर नीट उमटत नाही.

२०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी परिसरात, तसेच भिवंडी आणि मालेगाव येथे झालेल्या उद्रेकांनी, लस न मिळालेली मुले साचली की काय होते, हे राज्याला दाखवले होते. त्याआधी २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये ९ महिने ते १५ वर्षे वयाच्या मुलांसाठी राज्यात मोठी मोहीम झाली होती. पण मोहिमेनंतर जन्मलेल्या मुलांची जबाबदारी नियमित लसीकरणावरच येते, आणि ते ढिले पडले की असंरक्षित मुलांचा साठा वर्षागणिक वाढत जातो. अशा साठ्याची किंमत इतरत्रही मोजावी लागली आहे: काँगो लोकशाही प्रजासत्ताकात २०१९ मध्ये सुरू असलेल्या उद्रेकात सहा हजारांहून अधिक मृत्यू झाले, त्याच काळातील इबोलाच्या बळींपेक्षा कितीतरी जास्त. जगाचे लक्ष मात्र इबोलाकडे होते.

उपाय नवा शोधावा लागणार नाही. आशा कार्यकर्तीच्या ड्यू लिस्टमध्ये, म्हणजे देय लसींच्या यादीत, फेब्रुवारी ते एप्रिलमधील जन्म टोळ्या निघण्यापूर्वीच वेगळे काढून ते साखर कारखान्याच्या परिसरातील आरोग्य केंद्राला कळवावेत, माता-बाल संरक्षण कार्ड घरच्या पेटीत न राहता आईबरोबर जाईल असे पाहावे आणि दिलेली मात्रा यू-विन या लसीकरण नोंदीच्या डिजिटल प्रणालीवर त्याच मुलाच्या नावे चढवावी. परतलेल्या मुलाला 'वय उलटले' म्हणून परत पाठवणे तर सरळ चूक आहे, कारण राहिलेली मात्रा पाच वर्षांपर्यंत देता येते आणि दोन मात्रांमध्ये किमान चार आठवड्यांचे अंतर पुरते.

पुष्कळ संधी मात्र कुपीपाशी हुकतात. पाच किंवा दहा मात्रांच्या कुपीतील लस द्रावकात मिसळल्यानंतर चार तासांत संपवावी अथवा टाकून द्यावी लागते, म्हणून अड्ड्यावर एकच मूल आले तर कुपी न फोडण्याकडे कल असतो. वाया गेलेल्या मात्रांचा जाब विचारला जातो आणि परत गेलेल्या मुलाचा विचारला जात नाही, तोवर हा कल टिकणारच. उद्या तेच कुटुंब दुसऱ्या फडावर गेलेले असते, हे ध्यानात घेता अड्ड्यावरील सत्रांत एका मुलासाठीही कुपी फोडावी आणि उरलेल्या मात्रांचा खुलासा परिचारिकेकडे मागू नये, असा लेखी आदेश हंगाम सुरू होण्यापूर्वीच जिल्हा पातळीवरून निघाला पाहिजे.