काळ्या गाडीवरची जाळी : बाटली कोणती यापेक्षा थर किती

जळगाव आणि धुळे या दोन्ही शहरांत डेंटिंग-पेंटिंग, वॉशिंग सेंटर, ॲक्सेसरीची दुकाने आणि जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री या धंद्यांत आपले बरेच बांधव आहेत. या सर्वांच्या दारात एक तक्रार वारंवार येते. गाडी काळी किंवा गडद निळी असते. सावलीत ती आरशासारखी दिसते. पण उन्हात किंवा पेट्रोल पंपाच्या दिव्याखाली उभी केली की बॉनेटवर कोळ्याचे जाळे पसरल्यासारख्या गोल गोल रेषा चमकू लागतात. कंपन्यांच्या बाटल्यांवर यांना ‘स्वर्ल मार्क’ म्हटलेले असते. आपण सोयीसाठी जाळी म्हणू. गिऱ्हाईक म्हणते, एवढी जाळी काढून द्या. कारागीर दुकानात जाऊन विचारतो, सगळ्यात कडक कंपाउंड कोणते? माझ्या मते घोटाळा इथेच सुरू होतो. पहिला प्रश्न बाटलीचा नसावा. गाडीवर किती थर शिल्लक आहे, हा असावा.

ही जाळी म्हणजे काय ते आधी नीट समजून घेऊ. त्या रेषा खरे तर गोल नसतात. पुसताना, धुताना पडलेले हजारो बारीक ओरखडे सर्व दिशांना गेलेले असतात. त्यांपैकी जे दिव्याच्या प्रकाशाला आडवे पडतात तेवढेच चमकतात, म्हणून दिव्याभोवती वर्तुळ दिसते. पांढऱ्या गाडीवरही ते असतात, पण तिथे सारा पृष्ठभागच उजेड परत फेकत असल्यामुळे ते लपून जातात. काळा रंग उजेड गिळतो, म्हणून त्याच्यावरचा प्रत्येक ओरखडा वेगळा उठून दिसतो.

आपल्या भागात हा त्रास अधिक होण्याची कारणे उघड आहेत. काळ्या मातीचा धुरळा, सुरत-नागपूर आणि मुंबई-आग्रा या महामार्गांवरची धूळ आणि उन्हाळ्यात ४५ अंशांपर्यंत जाणारा पारा. सकाळी ड्रायव्हर कोरडे फडके घेऊन गाडीवरची धूळ झटकतो. वाळूचा कण काचेवरही ओरखडा काढतो, मग रंगाचे काय होणार? त्यात अनेक ठिकाणी गाडी धुवायला बोअरचे जड पाणी वापरतात. ते उन्हात वाळले की क्षाराचे पांढरे ठिपके राहतात आणि ते घालवण्यासाठी पुन्हा जोर लावून घासणे आलेच.

आता थराकडे येऊ. अॅम्बेसेडर आणि पद्मिनीच्या काळात रंग बहुधा एकाच जातीच्या थरांचा असे. उस्ताद लोक हाताने रबिंग करीत, फडक्यावर गाडीचाच रंग उतरे आणि खालून ताजा रंग वर येई. ती विद्या त्या रंगासाठी बरोबर होती. आजच्या बहुतेक गाड्यांवर मात्र खाली रंगाचा पातळ थर आणि त्याच्यावर पारदर्शक क्लिअरचा थर असतो. कंपनीतून आलेल्या गाडीवर हा क्लिअर साधारण ३५ ते ५० मायक्रॉन असतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे आपण ज्याच्यावर मशीन चालवतो तो थर एका केसापेक्षाही पातळ आहे, आणि उन्हापासून रंगाचे रक्षण करणारे द्रव्य त्याच थरात असते. तो फार पातळ झाला की एकदोन उन्हाळ्यांनंतर छतावर आणि बॉनेटवर पांढरट चट्टे पडतात, पापुद्रे निघतात. त्यावर कोणतीच बाटली चालत नाही. तो भाग पुन्हा रंगवावाच लागतो.

जळगावच्या सराफ बाजारातील कारागिराला हे वेगळे सांगायला नको. दागिन्याला पॉलिश केले की सोन्याचे वजन थोडे घटते, हे तो जाणतो. म्हणून तो कामाच्या जागेची धूळसुद्धा झाडून जपून ठेवतो आणि झारेकरी तिच्यातून सोने काढून देतो. क्लिअरच्या धुळीतून मात्र कोणताही झारेकरी काही परत देऊ शकत नाही. जे घासले ते गेले.

बाजारात बाटल्या शंभर असोत, त्यांची कामे दोनच आहेत. एक माल ओरखडा काढतो, दुसरा झाकतो. कंपाउंड आणि पॉलिश यांत बारीक घासद्रव्य असते. ते ओरखड्याच्या आजूबाजूचा क्लिअर खाली आणून पृष्ठभाग सपाट करते. कंपाउंड जास्त कापते, पॉलिश कमी. ग्लेझ आणि अनेक प्रकारची ‘चमक देणारी’ द्रव्ये मात्र तेलाने आणि भरणीने ओरखडे बुजवतात. गाडी त्या दिवशी सुंदर दिसते. दोन-चार वेळा शाम्पूने धुतली की जाळी परत हजर होते. वॅक्स हे रक्षणासाठी आहे, दुरुस्तीसाठी नाही. झाकणारा माल विकणे गैर नाही. लग्नाच्या वरातीसाठी दोन दिवस गाडी चमकवायची असेल तर तोच योग्य आणि स्वस्त आहे. पण झाकले असताना काढले म्हणून सांगणे, हा ऐब लपवून माल विकण्याचा प्रकार झाला. जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

मग निवड कशी करावी? नियम एकच : सर्वांत सौम्य मालापासून सुरुवात करा. गाडी धुऊन, कोरडी करून, बॉनेटवर दीड-दोन फुटांचा चौकोन निवडा. त्यावर बारीक पॉलिश आणि मऊ फोमचे पॅड चालवा. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात मिसळून त्याने तो भाग पुसा. तेल निघून गेले की खरे रूप दिसते. आता टॉर्च लावून पाहा. जाळी गेली असेल तर सारी गाडी त्याच मालाने करा. गेली नसेल तर आधी पॅड बदला, जरा कडक फोम घ्या. तरीही भागले नाही तरच कंपाउंडची बाटली उघडा. बऱ्याचदा बाटलीपेक्षा पॅडमुळे फरक पडतो, हे लक्षात येईल. लोकरीचे पॅड सर्वांत जास्त कापते, पण काळ्या रंगावर स्वतःच्या खुणा मागे ठेवते. कंपाउंडनंतर पॉलिशचा हात द्यावाच लागतो.

जो ओरखडा नखाला अडकतो तो पॉलिशने काढायच्या नादी लागू नये. तो क्लिअरच्या बराच आत गेलेला असतो. त्याच्या कडा थोड्या बोथट करून तो कमी दिसेल असा करावा आणि गिऱ्हाइकाला तसे स्पष्ट सांगावे.

कंपन्यांच्या बाबतीत माझे मत असे की नावाच्या मागे फार धावू नये. थ्री एम, मेगायर्स, जर्मनीची मेन्झेर्ना, इटलीची रुपेस या जुन्या आणि जाणत्या कंपन्या आहेत. त्यांपैकी मेगायर्स ही २००८ पासून थ्री एमच्याच ताब्यात आहे. कोणत्याही एका कंपनीचे एक कंपाउंड, एक बारीक पॉलिश आणि दोन-तीन जातींची पॅडे एवढा संच घेऊन त्यावर हात बसवणे, हे दहा अर्धवट बाटल्यांपेक्षा फायद्याचे. बाटलीवर बॅच आणि पत्ता नीट छापलेला आहे का ते पाहावे. सुट्या डब्यातला बिननावाचा माल काळ्या गाडीला लावू नये. त्यात एखादा जाड कण निघाला तर दिवसभराची मेहनत एका फेरीत वाया जाते.

ज्यांच्याकडे रंगकाम आणि पॉलिश एकाच शेडमध्ये चालते त्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. काही पॉलिश आणि चमकद्रव्यांत सिलिकॉन असते. ते हवेत उडून, फडक्यातून किंवा हाताला लागून ताज्या रंगकामाच्या पत्र्यावर पोहोचले की रंगाला माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. पेंटर थिनरला दोष देतो, दोष असतो शेजारच्या बाटलीचा. म्हणून पेंटिंगच्या शेडमध्ये सिलिकॉन नसलेलाच माल आणावा.

मशीनचा प्रश्न बाटलीइतकाच मोठा आहे. पत्रा घासायच्या लहान ग्राइंडरला बफ लावून गाडी पॉलिश करणे ताबडतोब बंद केले पाहिजे. तो मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे घेतो. पॉलिशच्या रोटरी मशीनचे काम ६०० ते ३००० फेऱ्यांत होते. ग्राइंडरने कडेचा क्लिअर क्षणात जळतो. रोटरीसुद्धा कच्च्या हातात काळ्या गाडीवर झाडूच्या फटकाऱ्यासारख्या चमकत्या खुणा उठवते. शागीर्दाच्या हातात प्रथम ड्युअल ॲक्शन मशीन द्यावे. ते फिरता फिरता डुलते, उष्णता कमी करते आणि चूक पोटात घालते. कडा आणि उभारलेल्या रेषांवर टेप लावावी. प्लॅस्टिकचा बंपर लवकर तापतो, तिथे हात हलका ठेवावा. काम उन्हात करू नये. आपल्याकडे मे महिन्यात काळ्या पत्र्यावर हात ठेवता येत नाही. त्यावर कंपाउंड पसरण्याआधीच वाळते. पहाटेची वेळ आणि सावली, हेच खरे.

थर मोजण्याचे छोटे यंत्र आता सहज मिळते. ते पत्र्यावर रंगाचे सारे थर मिळून जाडी दाखवते. प्लॅस्टिकवर साधे यंत्र चालत नाही. कंपनीच्या रंगाची एकूण जाडी बहुधा १०० ते १५० मायक्रॉनच्या आसपास असते. एखाद्या दारावर २५० किंवा अधिक आकडा आला तर ते दार पुन्हा रंगवलेले आहे असे समजावे. एखादा भाग बाकी गाडीपेक्षा बराच कमी दाखवत असेल तर तिथे आधीच कोणी घासून गेलेले आहे. तिथे कंपाउंड वर्ज्य. जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्याला तर हे यंत्र पहिल्या दोन-चार सौद्यांतच आपली किंमत परत देईल.

सिरॅमिक कोटिंगविषयीही बोलले पाहिजे, कारण मोठ्या शहरांचे पाहून आपल्याकडेही त्याची मागणी येते. कोटिंग जाळी काढत नाही. जाळी न काढता त्यावर कोटिंग केले तर तीच जाळी आत कोंडली जाते. बाटलीवरचे ‘नाईन एच’ हे पेन्सिलीच्या मापाने सांगितलेले काठिण्य आहे. त्याचा अर्थ धूळ ओरखडा काढणार नाही असा होत नाही. हे न सांगता हजारो रुपये घेणाऱ्याकडे गिऱ्हाईक पुन्हा येत नाही.

शेवटी धंद्याचा हिशेब. एकाच गाडीची जाळी दर सहा महिन्यांनी कंपाउंडने काढणे हा आपल्याला उत्पन्नाचा रस्ता वाटतो, पण तो गिऱ्हाइकाच्या गाडीचे आयुष्य विकून खाण्याचा रस्ता आहे. टिकाऊ उत्पन्न धुण्यात आहे. आधी भरपूर पाणी मारून धूळ उतरवणे, दोन बादल्या, गाडीचा शाम्पू, मायक्रोफायबरचे स्वच्छ कापड, खाली पडलेले कापड पुन्हा न वापरणे आणि पाणी वाळण्याआधी टिपून घेणे. याला कडक कंपाउंड लागत नाही, फक्त शिस्त लागते. ज्या गिऱ्हाइकाची जाळी आपण काढली त्याला अशा धुलाईचे महिन्याचे कार्ड करून द्यावे.

आणि बिलावर दोन ओळी लिहाव्यात : जाळी काढली की झाकली, आणि कामाआधी व कामानंतर थर किती होता. एवढे लिहून देणाऱ्या कारागिराला भाव करताना मान खाली घालावी लागणार नाही. नाशिक-पुण्याच्या झगमगाटी स्टुडिओकडे जाणारे गिऱ्हाईक काचेच्या भिंती पाहून जाते, असे आपण समजतो. बऱ्याच वेळा ते केवळ नीट उत्तर मिळावे म्हणून जाते. ते उत्तर अजिंठा चौफुलीवर आणि धुळ्याच्या आग्रा रोडवरही मिळू शकते. त्यासाठी लागणारे सामान एका कपाटात मावते.