गाण्याला सातबारा नाही, म्हणून ते बेवारस नाही

होळी जवळ आली की चोपडा-यावलपासून शिरपूरपर्यंत सातपुड्याच्या पायथ्याला भोंगऱ्याचे बाजार भरतात. मोठे ढोल, मांदल, बासऱ्या निघतात. आता मोबाईलवर गाणी भरून नेणारेही येतात. मग तेच गाणं डीजेच्या ठेक्यावर वाजतं. गाणारी बाई कोण, पाडा कोणता, काही पत्ता नसतो. नावाच्या जागी एकच शब्द: ‘पारंपरिक’.

हा शब्द नीट ओळखा. आपले आजे-पणजे जमीन कसत होते, पण कागद नाही म्हणून ती सरकारी जंगल ठरली. तसंच गाण्याला लिहिणाऱ्याचं नाव नाही म्हणून ते कोणाचंच नाही असं धरतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात रेकॉर्डिंगचा हक्क ते तयार करवणाऱ्या निर्मात्याचा. १९९४ च्या दुरुस्तीने गाणाऱ्याला काही हक्क मिळाले. पण पिढ्यान् पिढ्या गाणं जपणाऱ्या गावाला त्यात जागा नाही.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. तैवान बेटावरच्या आमिस आदिवासींमधले दिफांग आणि इगाय हे वयस्क नवरा-बायको १९८८ मध्ये फ्रान्सला गायला गेले होते. तिथे झालेलं रेकॉर्डिंग एनिग्मा या युरोपातल्या गटाने आपल्या ‘रिटर्न टू इनोसन्स’ या गाण्यात मिसळलं. ते जगभर गाजलं, १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकच्या प्रचारातही वाजलं. गाणाऱ्यांना कोणी विचारलं नव्हतं. १९९८ मध्ये त्यांनी अमेरिकेत दावा लावला. १९९९ मध्ये कंपन्यांना तडजोड करावी लागली, त्यांचं नाव द्यावं लागलं. लढले म्हणून मिळालं.

काही साथी म्हणतात, डीजे बंदच करा. आम्हाला ते पटत नाही. आपली पोरं नव्या वाजंत्रीवर आपल्या बोलीत गातात, ही चांगलीच गोष्ट आहे. गाणं जगात जाऊ द्या, पण विचारून, आणि गावाच्या नावासकट.

कारण गाणं नुसतं नाचायला नाही. त्यात डोंगर, नाले, देवांची ठिकाणं असतात. डीजेवाला चार ओळी ठेवतो, बाकी कापतो. गावांची नावं तिथेच गळतात. वनहक्काच्या नियमांत म्हाताऱ्या माणसांचा लेखी जबाब पुरावा धरतात. ती आठवण गाण्यातच जपलेली असते. गाणं तुटलं की आठवण तुटते.

कायदा आपल्या बाजूने आहे. वनहक्क कायदा २००६, कलम ३(१)(के) सांस्कृतिक विविधतेशी जोडलेल्या पारंपरिक ज्ञानावर समाजाचा हक्क मानतं. १९९६ चा पेसा कायदा परंपरा आणि ओळख जपायचा अधिकार ग्रामसभेला देतो. सामूहिक दावा भरताना आपण चराई, डिंक, मोहफूल लिहितो. हा हक्कही लिहा.

आणि पुढच्या ग्रामसभेत ठराव करा:

१. रेकॉर्डिंगआधी ग्रामसभेची आणि गाणाऱ्याची लेखी संमती.
२. गाणाऱ्याचं, पाड्याचं, बोलीचं नाव गाण्यासोबत.
३. रेकॉर्डिंगची एक प्रत गावाला, कमाईत वाटा.
४. दुसऱ्या कामाला वापरायचं तर पुन्हा विचारायचं.
५. इंदलसारख्या पूजेची कोणती गाणी बाहेर द्यायची नाहीत, ते गाव ठरवेल.

जमिनीसाठी आपण विचारतो, कोणाला विचारून घेतली? गाण्यासाठीही तेच विचारू.